शाळा स्पर्धेचं ‘फुल पॅकेज’ : पाचपैकी साडेतीन

तालुक्याच्या गावी बसस्टँडजवळ फ्लेक्स छापणारं एक दुकान आहे. नाव देत नाही, कारण या पट्ट्यात अशी दुकानं आता गल्लीला एक झालीत आणि मी जे लिहिणार आहे ते थोड्याफार फरकानं सगळ्यांनाच लागू पडेल. वाढदिवस, दशक्रिया विधी, भावी जिल्हा परिषद सदस्य, पोलीस भरतीत निवड झाल्याबद्दल अभिनंदन, सगळं तिथंच छापलं जातं. ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ ही राज्य सरकारची शाळाशाळांमधली स्पर्धा आली तेव्हापासून त्याच्या काचेवर एक कागद चिकटलेला आहे : ‘शाळा स्पर्धा फुल पॅकेज मिळेल’. आम्ही ते घेतलं. पहिल्या टप्प्यात थोडं, दुसऱ्या टप्प्यात पुरतं. पुढं कुणाला घ्यायचं असेल तर त्यांच्यासाठी हे लिहिते.

मी बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे. पोरगी चौथीला, पोरगा पहिलीला. डी.एड. झालेलं आहे, टीईटी पास आहे आणि धंदा पिठाच्या गिरणीचा आहे. (मराठवाड्यात हे कुणाला नवल वाटणार नाही.) भरतीच्या नादात शिक्षणावरचं बरंच वाचून झालं. नोकरी काही लागली नाही, पण वाचलेलं डोक्यात राहिलं. त्यामुळं हा रिव्ह्यू निम्मा दुकानाचा आणि निम्मा ज्या बक्षिसासाठी आम्ही त्या दुकानात गेलो त्या बक्षिसाचा होणार आहे. ज्यांना फक्त दुकानाचं काम कसं आहे ते हवंय त्यांनी शेवटाकडं जावं.

स्पर्धेचा पहिला टप्पा १ जानेवारी ते १५ फेब्रुवारी २०२४ असा होता. शाळांचे दोन गट केले होते : एक सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांचा, दुसरा बाकीच्या व्यवस्थापनांचा. राज्यात पहिल्या येणाऱ्या शाळेला ५१ लाख, तालुक्यात पहिल्या येणाऱ्या शाळेला ३ लाख. हे आकडे गावात कसे ऐकू येतात ते सांगते. शंभरच्या आत पट असलेल्या आमच्यासारख्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वर्षाचं संयुक्त शाळा अनुदान मिळतं २५ हजार. त्यात लाईट बिल, खडू, रजिस्टरं, नळाची तोटी, पावसाळ्यात गळणाऱ्या खोलीवर टाकायचा कागद, आणि त्यातलेच दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. अशा शाळेपुढं ३ लाख ठेवले तर मीटिंगला कधी न येणारे लोकसुद्धा येतात. आमच्याकडं आले. लोकवर्गणी झाली, एकानं सिमेंटच्या चार गोण्या दिल्या, एकानं ट्रॅक्टरभर मुरूम टाकला. बक्षिसाच्या बाजूनं बोलायचं तर मी इथूनच सुरुवात करीन. पैशाचं आमिष वाईट असतं असं मी म्हणणार नाही. गाव त्या पैशानं जागं झालं हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आता पॅकेज. फुल पॅकेजमध्ये दुकानातला पोरगा शाळेवर येऊन उपक्रमांचे फोटो काढतो, जागा-वेळेचा शिक्का उमटवणाऱ्या ॲपनं. मग ते फोटो पोर्टलवर चढतील एवढे लहान करून देतो, मुद्द्यांप्रमाणे लावून रंगीत फाईल, स्पायरल बाइंडिंग, पेन ड्राइव्हमध्ये पीडीएफ, आणि पाच फ्लेक्स : शाळेच्या नावाचा मोठा, पाढ्यांचा, हात धुण्याच्या पायऱ्यांचा, समितीच्या सदस्यांचा, आणि ‘आमचे उपक्रम’. साडेसहा हजार. भिंती रंगवणारा पेंटर वेगळा.

दुकानात बसून काम करून घेणं हा अनुभव घ्यावाच असा आहे. आत छपाईच्या शाईचा वास एवढा की दहा मिनिटांत डोकं धरतं. एका स्क्रीनवर कुणाचा तरी तेराव्याचा फ्लेक्स उघडलेला, दुसऱ्यावर आपली शाळा. पोरगा वयानं बाविशीचा असेल, पण हात असा चालतो की बघत राहावं. मुख्याध्यापक सरांनी वहीत मुद्दे लिहून नेले होते. त्यानं वही बाजूला ठेवली आणि स्वतःच विचारायला लागला. ‘परसबाग? महावाचन? किचन शेड? तक्रार पेटी दिसंना सर, पेटीचा फोटो लागतो.’ कोणत्या मुद्द्याला किती मार्क हे त्याला तोंडपाठ. आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, निम्म्या शिक्षकांपेक्षा त्याला निकष जास्त कळतात. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही, त्यानं खरंच एवढ्या शाळांच्या फायली केल्यात.

दुसरा टप्पा ऑगस्ट २०२४ मध्ये झाला, तेव्हा मार्कांची वाटणी अशी होती : पायाभूत सुविधा ३३, शासनाच्या ध्येयधोरणांची अंमलबजावणी ७४, शैक्षणिक संपादणूक ४३. एकूण १५०. म्हणजे पोरांना काय येतं याला दीडशेतले त्रेचाळीस. पोरगा म्हणाला, ‘ताई, चौऱ्याहत्तरवर जोर द्या. त्रेचाळीसचं काय, ते सगळ्यांचं सारखंच निघतंय. खरा खेळ इकडंच हाये.’ धंद्याच्या हिशोबानं त्याचं शंभर टक्के बरोबर. मी गिरणीवर बसून हेच करते, ज्या दळणाला गर्दी त्याचा पाट आधी लावते.

मग ती परसबाग आली. आमची परसबाग हापशाच्या सांडपाण्यावर आहे. पावसाळ्यात बरी असते, पण त्या आठवड्यात शेळ्या शिरून गेल्या होत्या. पोरगा म्हणाला, ‘टेन्शन नका घेऊ. आपल्याकडं हाये की फोटो. गेल्या टायमाला एका शाळेची केल्ती, मेथी बघा कशी उगवलीय.’ मी म्हणलं, ‘अरे दादा, ती दुसऱ्या शाळेची ना?’ तर म्हणतो, ‘मेथी मेथीच दिसती की ताई.’ आणि तो जागेचा शिक्का? ‘त्याचं बी बघता येतं.’

आम्ही घेतला नाही. सरांनी कुरतडलेल्या वाफ्यांचाच फोटो लावायला सांगितला, पोरगा नाराज झाला. पण त्याच्यावर मी चिडणार नाही. तो ज्याला मार्क आहेत ते विकतोय. हे जगात सगळीकडं असंच घडत आलंय. अमेरिकेत अटलांटा शहराच्या शाळांमध्ये निकालाच्या टार्गेटवर बोनस आणि नोकऱ्या टांगलेल्या होत्या. २०११ मध्ये राज्य सरकारच्या चौकशीत ४४ शाळांमधले १७८ शिक्षक-मुख्याध्यापक गोत्यात आले. काही ठिकाणी मोठी माणसं बसून पोरांच्या उत्तरपत्रिकांवरची चुकीची उत्तरं खोडून बरोबर करत होती. २०१५ मध्ये त्यातल्या अकराजणांना कोर्टानं दोषी धरलं. तिथं खोडरबर होतं, आमच्याकडं मेथी. मेथी परवडली म्हणायची.

याहून जुनं उदाहरण इंग्लंडचं आहे आणि ते डी.एड.च्या पोरापोरींना शिकवायलाच पाहिजे. १८६२ मध्ये तिथं नियम निघाला की शाळेला सरकारी पैसा निकालावर मिळणार. पोरामागं जास्तीत जास्त बारा शिलिंग. त्यातले चार हजेरीचे, आठ परीक्षेचे. तपासनीस येणार, वाचन, लेखन, गणित घेणार, आणि पोरगं एका विषयात नापास झालं की दोन शिलिंग आठ पेन्स कापणार. शाळांनी काय केलं? पोरांकडून वाचनाचं पुस्तकच पाठ करून घेतलं. पुस्तक उलटं धरलं तरी पोरगं घडाघडा म्हणणार. आणि जे विषय तपासायचेच नाहीत ते शाळेतून आपोआप गळाले. पस्तीसेक वर्षं हे चाललं, मग बंद केलं.

आता माझी खरी गोष्ट. ती दुकानाबद्दल नाही, पण दुकानात बसल्यावरच ती दिसली.

पहिल्या टप्प्यात जानेवारीच्या शेवटाला फोटो काढायला पोरगा शाळेवर आला. आमच्या गावचा अर्धा तांडा आणि गावठाणातली बरीच घरं दिवाळीनंतर कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जातात. कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात. लहान लेकरं सोबत जातात, दुसरा इलाजच नसतो. हंगामी वसतिगृहावर थोडी थांबतात, आजी असेल तर थांबतात. पण जानेवारीत वर्गात बसलेली पोरं बघितली तर पटावरच्या नावांशी त्यांचा मेळ लागत नाही. पोरगा मोबाईल धरून मागं मागं सरकत होता आणि म्हणाला, ‘सर, पोरं जवळजवळ बसवा, फ्रेम भरंना.’ सरांनी पहिलीपासून चौथीपर्यंत सगळे एकाच सतरंजीवर दाटीवाटीनं बसवले. फ्रेम भरली.

तोच वर्ग, तेच सर, ऑगस्टमध्ये बघितला तर पाय ठेवायला जागा नाही. कोयते परत आलेले, लेकरं शाळेत. म्हणजे जानेवारीत तपासलं तर पोरं नाहीत आणि ऑगस्टमध्ये तपासलं तर ज्यांनी अर्धं वर्ष फडात काढलंय ती पोरं आहेत. दोन्ही बाजूंनी मार्क आमचेच जाणार. पश्चिम महाराष्ट्रातल्या ज्या गावाच्या शिवारात आमची लेकरं पाचटावर खेळतात, त्या गावच्या शाळेचा वर्ग मात्र बाराही महिने तेवढाच भरलेला. राज्याच्या पातळीवर ती शाळा आणि आमची शाळा एकाच यादीत.

याच्याहून वाईट एक गोम आहे. समजा एखाद्या शाळेनं ऊसतोडीला जाणारी लेकरं पटावर नावापुरतीच ठेवली किंवा ती गळाली तरी दुर्लक्ष केलं. उरलेली पोरं वर्षभर बसणारी, त्यांची सरासरी चांगली निघणार. दुसऱ्या शाळेनं हमी कार्ड (जिथं जातील तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून द्यायचं कार्ड) देऊन पोरांना पाठवलं, पाडव्याला परत आल्यावर घरोघर फिरून आणून बसवलं, त्यांची सरासरी खाली येणार. बक्षीस पहिल्या शाळेला! चांगलं काम करणाऱ्याला हा दंडच झाला की नाही?

आमच्या शाळेत तिसरीत एक पोरगी आहे. गेल्या हंगामात आईबापासोबत कर्नाटकात होती. जूनमध्ये तिला जोडाक्षर म्हटलं की ती गप्प बसायची. सर रोज मधल्या सुट्टीत तिला आणि अजून दोघांना घेऊन बसायचे, माझी चौथीतली पोरगीही त्यांच्यात घुसायची. ऑगस्टमध्ये नावाचा मोठा फ्लेक्स लागला त्या दिवशी ती त्याच्यासमोर उभी राहून बोटानं वाचत होती, ‘मु-ख्य-मं-त्री’. ‘ख्य’ला अडखळली, मागं गेली, पुन्हा धरलं. बाकीची पोरं हसली तर तिनं सगळा फ्लेक्स परत सुरुवातीपासून वाचला, माझ्या नावासकट. मूल्यांकनाला मंडळी आली त्यांनी फ्लेक्सचा फोटो काढला. ते त्यांच्या नमुन्यात होतं. पोरीचं वाचन ज्या रकान्यात जायचं त्या रकान्यात ती वर्गाच्या सरासरीच्या खालीच आहे. जूनमध्ये कुठं होती हे विचारणारा रकानाच नाही.

हा रकाना करता येत नाही असं नाही. आंध्र प्रदेशात २००५ पासून शेकडो सरकारी शाळांमध्ये एक प्रयोग झाला. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी केला, राबवण्याचं काम अझीम प्रेमजी फाउंडेशननं बघितलं. शिक्षकांना बोनस ठेवला, पण तो पोरांच्या मार्कांवर नव्हता, मार्कांच्या वाढीवर होता. सरासरी पाच टक्क्यांच्या वर जेवढे टक्के वाढ, त्या प्रत्येक टक्क्याला ५०० रुपये. परीक्षा बाहेरची माणसं घेणार. काही शाळांत बोनस एकेका शिक्षकाला, काही शाळांत सगळ्या शिक्षकांना मिळून. दोन वर्षांनी गणितात आणि भाषेत बोनसवाल्या शाळा चांगल्या पुढं गेल्या, गणितात जास्त. आणि गंमत म्हणजे ज्या विषयांवर बोनस नव्हता त्या विज्ञान आणि समाजशास्त्रातही त्या पुढं होत्या. शिक्षकांची गैरहजेरी काही कमी झाली नाही. आले तेव्हा मात्र जास्त शिकवलं, जादा तास घेतले, गृहपाठ दिला. म्हणून मी म्हणते, पैशानं काम होतं. फक्त पैसा कशावर लावला ते बघा.

इतकं लांब जायचीही गरज नाही. शेजारचा धाराशिव जिल्हा २०१८ मध्ये, उस्मानाबाद नावानं, देशातल्या ११२ आकांक्षित जिल्ह्यांच्या, म्हणजे केंद्र सरकारनं मागं पडलेले म्हणून निवडलेल्या जिल्ह्यांच्या, यादीत गेला. राज्यातून चारच होते : नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि हा. तिथं रँकिंग ‘डेल्टा’वर होतं, म्हणजे जिल्हा गेल्या वेळेपेक्षा किती सरकला यावर. शंभरातले तीस मार्क शिक्षणाला आणि पुढं सरकणाऱ्या जिल्ह्याला जादा निधी. आख्ख्या जिल्ह्याला जे लावता येतं ते बालाघाटातल्या चार खोल्यांच्या शाळेला का लावता येत नाही, हे कुणीतरी मला समजावून सांगावं. गिरणी सकाळी सात ते अकरा चालू असते, मी तिथंच असते.

अमेरिकेतल्या टेक्सासनं अजून एक गोष्ट केलीय. २०१९ च्या कायद्यानं तिथं बारावी होऊन बाहेर पडणारं पोरगं कॉलेजला, कामधंद्याला किंवा सैन्यात जायला तयार असेल तर शाळांच्या जिल्ह्याला (तिथं शाळा चालवणारी स्थानिक संस्था) त्याच्यामागं बोनस मिळतो. एका ठरावीक टक्क्याच्या वर जेवढी पोरं, त्या प्रत्येकामागं. पण रक्कम सगळ्यांना सारखी नाही. गरीब घरचं पोरगं असेल तर ५ हजार डॉलर, नसेल तर ३ हजार. आणि तो टक्काही दोघांसाठी वेगवेगळा धरलेला. अवघड पोरगं पुढं नेलं तर जास्त पैसे. आपल्याकडं नेमकं उलटं आहे, अवघड पोरगं म्हणजे सरासरीला खड्डा.

सगळ्यात मला आवडलं ते ब्राझीलमधलं सिअरा नावाचं राज्य. गरीब, दुष्काळी, वर्णन वाचून वाटतं आपल्याच आष्टी-पाटोद्याचं लिहिलंय. तिथं २००७ मध्ये कायदा करून राज्यानं नगरपालिकांना द्यायच्या एका करातल्या वाट्यापैकी शंभरातले १८ रुपये शिक्षणाच्या निकालाला बांधले. निकालात सुधारणाही धरली. मिळालेला पैसा कशावरही खर्चा, रस्त्यावर खर्चा. त्यामुळं शाळेची चौकशी नगराध्यक्षच करायला लागला! इथला सरपंच, सभापती शाळेत झेंडावंदनालाच येतो. त्याच्या रस्त्याचा निधी तिसरीतल्या पोरीच्या जोडाक्षरावर अडकवला तर तो रोज येऊन ‘ख्य’ शिकवील. नुसता पैसा टांगला नाही त्यांनी, वाचायला शिकवण्याचं साहित्य आणि शिक्षकांचं प्रशिक्षण सगळ्या पालिकांना पुरवलं. तेही लक्षात घ्यायला पाहिजे.

आणि तिथल्या शाळांच्या बक्षिसाची रीत ऐका. सगळ्यात पुढच्या दीडशे शाळांना बक्षीस. सगळ्यात मागच्या दीडशे शाळांनाही पैसे, सुधारायला. पुढच्या एकेका शाळेनं मागची एकेक शाळा दत्तक घ्यायची. बक्षिसाचा ७५ टक्के हप्ता लगेच, उरलेला २५ टक्के हातात कधी? दत्तक घेतलेली शाळा सुधारली की. हे वाचलं तेव्हा मी सरांना फोन करून वाचून दाखवलं. आमच्या तालुक्यात जी शाळा पहिली आली ती डांबरी रस्त्यावरची आहे. कंपाउंड आहे, बोअरला पाणी आहे, शिक्षक पुरेसे आहेत आणि शिकवतातही चांगले, खोटं बोलणार नाही. तिचं बक्षीस तिला लखलाभ. पण त्यातले पाऊण लाख आमच्या तांड्याच्या शाळेची पोरं वाचायला लागल्यावरच मिळतील असं असतं, तर त्यांचे चांगले शिक्षक आठवड्यातून एक दिवस आमच्या घाटात चढले असते. आम्हाला तीन लाखांपेक्षा ते पाहिजे होतं.

आमचा निकाल : केंद्रात पहिले, तालुक्यात बाहेर. रुपया नाही.

मग साडेसहा हजार वाया गेले का? नाही गेले, आणि इथं दुकानाला मार्क द्यायला पाहिजेत. पाढ्यांचा फ्लेक्स शौचालयाकडं जायच्या वाटेवर लावलाय, पोरं जाता-येता एकमेकांना अडवून पाढे विचारतात. हात धुण्याच्या पायऱ्यांचा फ्लेक्स टाकीच्या वर आहे आणि बालवाडीची पोरं त्यातलं चित्र बघून बोटांच्या बेचक्या घासतात, आयांनी घरी येऊन सांगितलं. मुरूम टाकला त्यामुळं पावसाळ्यात पहिल्यांदा प्रार्थना मैदानात झाली. समितीच्या फ्लेक्सचा उपयोग एवढाच झाला की माझा फोटो बघून सासरचे लोक खूश झाले. ‘आमचे उपक्रम’ वाला तर कुणी वाचलाच नाही.

आता काम कसं होतं ते थोडक्यात. छपाई चांगली, रंग पक्के. पण पश्चिमेच्या भिंतीवर लावलेला फ्लेक्स दिवाळीपर्यंत फिकट पडला, तेव्हा जागा बघून लावा. कडेचे पितळी डोळे त्यानं फक्त चार कोपऱ्यांना मारले होते आणि आमच्याकडं माळावरचा वारा. पहिल्याच वादळात एक कोपरा फाटला. बाजूनंही डोळे मारून घ्या, जादा पैसे घेत नाही, फक्त सांगावं लागतं. शुद्धलेखन स्वतः तपासा. मोठ्या फ्लेक्सवर त्यानं ‘शैक्षणीक’ आणि ‘विद्यार्थि’ छापलं होतं. शाळेच्या दारावर असं लावून गावाला काय तोंड दाखवायचं? दाखवल्यावर मुकाट्यानं दुसरा छापून दिला, पैसे मागितले नाहीत. म्हणून अर्धा स्टार जो कापला होता तो परत दिला.

वेळेच्या बाबतीत मात्र वैताग. शेवटच्या तारखेच्या आठवड्यात तालुक्यातल्या सगळ्या शाळा त्याच्याच दारात. सर रात्री नऊपर्यंत बाकड्यावर बसून होते, त्यांच्या आधी एका पुढाऱ्याचा वाढदिवस निघाला. स्पर्धा जाहीर झाली की लगेच ॲडव्हान्स देऊन नंबर लावा. फोटोवाल्या पोराला शाळा भरायच्या वेळी बोलवा, दुपारनंतर आला तर उन्हाच्या तिरपीनं सगळे चेहरे काळे येतात. फाईलची मूळ कॉपी पेन ड्राइव्हवर मागून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी तारीख बदलायलाही तो परत डिझाइनचे पैसे लावतो. बिल पक्कं मागा. समितीच्या हिशोबाला कच्ची चिठ्ठी चालत नाही, आणि पक्कं म्हटलं की तो जरा कुरकुरतो, पण देतो.

दुसऱ्याच्या परसबागेचा फोटो दाखवायला लागला तर सरळ नाही म्हणा, तो मनावर घेत नाही. पेंटर त्याच्याकडून घेऊ नका. त्याच्या पेंटरनं दुसऱ्या एका शाळेच्या भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा काढला तो मी बघून आले, त्यात बीड जिल्हा समुद्राला लागलाय.